'येतो रे'चं भाषांतर

सप्टेंबर लागला, मागच्या अंगणातल्या प्लमला फुलं आली, की ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. पोलिसांच्या आठवणींत साहेब नेहमी हुशार असतो. या आठवणीत साहेब दीड दिवस गाढव होता. ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. नावं मात्र कुणाचीच देणार नाही. ही माणसं हॅमिल्टनमध्येच राहतात आणि शनिवारी भाजी घेताना मला भेटतात.

माझे वडील सातारा जिल्ह्यात हवालदार होते. मी डिप्लोमा करून न्यूझीलंडला आलो, तीन वर्षं हॅमिल्टनच्याच ते रापा नावाच्या भागात एका कारखान्यात मशीन सांभाळलं, आणि एक दिवस पोलीस भरतीची जाहिरात बघून अर्ज केला. बायको म्हणाली, "वडिलांनी आयुष्यभर तेच केलं ना, मग एवढं लांब कशाला आलो?" तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सार्जंट म्हणून निवृत्त झालो. आमच्या स्टेशनात मराठी येणारा मी एकटा. त्यामुळे भारतीय माणसाची कुठलीही केस आली की फाईल माझ्या टेबलावर. हिंदी, गुजराती, पंजाबी, एकदा तर तमिळसुद्धा मलाच विचारलं होतं. मीही कधी 'मला येत नाही' असं पटकन म्हणत नसे. तो माझा स्वभावच होता.

त्या शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन आला. हॅमिल्टनच्या पूर्वेला तासाभरावर कैमाईची डोंगररांग आहे, सगळी गच्च जंगलाची. तिथल्या मुख्य कार पार्कमधून एक जण बोलत होता. त्याचा मित्र सकाळी डोंगरात गेला तो परत आला नव्हता. दोघेही पुण्याचे. हरवलेला चौतिशीचा, आयटीत इंजिनीअर, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मित्र वयाने लहान, इथे शिकायला आलेला, शिक्षण संपवून ते रापाला एका गोदामात सुपरवायझर झालेला.

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस भुरभुरत होता. इथल्या कॅलेंडरवर वसंत लागला म्हणून डोंगराला काही कळत नाही. तिथे सप्टेंबरात रात्री तीन-चार अंशांपर्यंत पारा उतरतो, आणि अंगावरचे कपडे ओले असतील तर धडधाकट माणूससुद्धा दुसऱ्या रात्रीत जातो. म्हणजे आमच्या हातात जास्तीत जास्त दोन रात्री होत्या.

शोधाची सूत्रं आमच्या बॉसकडे होती. माओरी बाई, वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि डोंगराच्या बाबतीत माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी. तिची पद्धत ठरलेली. आधी दोन गोष्टी विचारायच्या: माणूस शेवटचा कुठे दिसला, आणि शेवटचं काय बोलला. त्या दोन उत्तरांवर नकाशात पट्टा आखायचा आणि माणसं त्या पट्ट्यात सोडायची. पट्टा चुकला तर शंभर माणसं लावली तरी उपयोग नाही.

मित्र त्याच्या गाडीत बसला होता. तोंड पांढरंफटक. मी मराठीत बोलायला लागलो तसा दचकलाच.

"तुम्ही मराठी आहात, सर?"

"आहे. आता पटापट सांग. किती वाजता गेला?"

"सकाळी गेला, सर."

"इथूनच ना? ह्याच वाटेने?"

त्याने मान हलवली.

"तू का नाही गेलास?"

"गुडघा दुखत होता."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

त्याने मोबाइल पुढे केला. दहा पन्नासला मेसेज आलेला. इंग्रजी अक्षरांत मराठी, दोनच शब्द: 'येतो रे'. खाली मित्राने नुसता अंगठा पाठवलेला. त्यानंतर काही नाही.

"अच्छा. म्हणजे वर ट्रेकर्सच्या मुक्कामाची झोपडी आहे, त्या हटपर्यंत गेला, आणि दहा पन्नासला परत यायला निघाला. बरोबर?"

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "हो, सर."

आता हे वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या पोराने मला काहीही सांगितलं नव्हतं. वाट मी सांगितली, हट मी सांगितली, परत निघाला तेही मीच सांगितलं. त्याने फक्त 'हो' म्हटलं. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचो की साक्षीदाराच्या तोंडात आपला घास घालू नका, आणि त्या दिवशी मी आख्खं ताटच घातलं.

मी बॉसकडे गेलो आणि सांगितलं, "शेवटचा मेसेज: कमिंग. दहा पन्नासला हटवरून खाली निघाला."

तिने विचारलं, "तुझी खात्री आहे ना, मेट?"

"माझी मातृभाषा आहे ती," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', असं म्हणून तिने हट आणि कार पार्क यांच्यामधला पट्टा पेन्सिलीने आखला. मी लॉगमध्ये माझ्या हाताने ओळ लिहिली आणि खाली सही केली.

त्या रात्री दोन तुकड्या बॅटऱ्या घेऊन हटपर्यंत जाऊन आल्या. काही मिळालं नाही. मोबाइलच्या टॉवरचीही मदत झाली नाही. एकाच टॉवरच्या टप्प्यात डोंगराचे दोन्ही उतार येत होते.

रविवारी सकाळी पायथ्याच्या गावच्या हॉलमध्ये आमचा तळ पडला. चाळीस-एक स्वयंसेवक आले, त्यातले निम्मे पहाटेचं दूध काढून आलेले शेतकरी. हॉलच्या स्वयंपाकघरात बायका सूप करत होत्या. हरवलेल्याची बायकोही मुलीला घेऊन आली. उंच, शांत बाई. अंगावर ऑफिसचं जॅकेट, हाती येईल ते घालून आलेली. मुलगी तिला सारखी विचारत होती, "व्हेन इज बाबा कमिंग?" आणि ती दर वेळी मराठीत उत्तर देत होती, "येतोय हं, येतोय."

मी जवळ जाऊन बसलो. तिने विचारलं, "काका, शेवटचं काय म्हणाला तो?"

"येतो म्हणाला. मित्राला मेसेज होता, दहा पन्नासला."

ती म्हणाली, "मला पण सकाळी तेच म्हणाला. दारातून. मी पोळ्या करत होते, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही मी."

आणि तिचे डोळे भरून आले. मी आपला तिला धीर देत बसलो. म्हटलं, अशा गोष्टींचा विचार करू नये. अरे, त्याच गोष्टीचा विचार करायला हवा होता! सगळी केस तिने त्या एका वाक्यात माझ्या हातावर ठेवली होती, आणि मी तिला टिश्यू पेपर शोधत होतो.

दुपारपर्यंत दोन गोष्टी अशा आल्या की कुणाही शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता.

पहिली, हटमधली वही. तिथे येणाऱ्याने नाव आणि पुढचा रस्ता लिहून ठेवायचा असतो. शनिवारच्या पानावर सहा नावं होती, त्यात हा नव्हता. बॉसने भुवई उंचावली. मी म्हणालो, "आपले लोक असल्या वह्यांत नाव लिहीत नाहीत. लग्नात आहेराच्या यादीत तेवढं लिहितात." ती हसली आणि विषय संपला. स्वतःच्याच लोकांबद्दल असं छातीठोक बोललं की कुणी उलटं विचारत नाही, हा माझा जुना अनुभव. तो त्या दिवशी अंगाशी आला.

दुसरी गोष्ट म्हणजे एक फोन. डोंगराच्या पलीकडच्या, पूर्वेकडच्या अंगाला एका शेतकरीण बाईचा गोठा होता. तिच्या शेतातून एक कच्चा रस्ता जंगलाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथून एक जुनी वाट आत जाते. पण ती वाट त्या वर्षी बंद केली होती. इथली कौरीची झाडं शेकडो वर्षांची असतात, आणि बुटाच्या चिखलातून त्यांना मुळांचा रोग लागतो. म्हणून बऱ्याच वाटांवर फळ्या ठोकून पाट्या लावल्या होत्या. तर ती बाई फोनवर तणतणत होती. शनिवारी सकाळी एक पांढरी गाडी आली, भगव्या टोपीच्या एका माणसाला सोडून परत गेली, आणि जाताना फाटक उघडं ठेवून गेली. तिची बावीस वासरं रस्त्यावर आली होती.

"माणसाचं मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण फाटक उघडं टाकणारा सापडला तर आधी मला कळव."

मी लिहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. आमच्या माणसाची टोपी निळी असल्याचं मित्राने सांगितलं होतं. शिवाय आमचा माणूस पश्चिमेच्या बाजूने वर गेला होता आणि दहा पन्नासला खाली निघाला होता. माझ्या सहीने तसं लिहिलेलं होतं ना! मग तो पूर्वेला कसा असेल?

रविवारी दिवसभर चाळीस माणसं त्या पट्ट्यात हाका मारत फिरली. काळ्या वेलींत पाय अडकत होते, ओढ्यांना पाणी चढलेलं. एका स्वयंसेवकाचा खांदा निखळला. हाती एक जुना हातमोजा लागला, तोही बाईचा. संध्याकाळी बॉसने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घरी जा, झोप, सकाळी ये." हरवलेल्याची बायको हॉलमध्येच राहिली होती. खुर्च्यांवर मुलगी झोपली होती. मी समोरून गेलो तेव्हा त्या बाईने मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, एवढंच. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी सहाला मी घरातून निघालो. बायकोने डबा दिला, मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, उठलो, आणि रोजच्यासारखं म्हणालो, "येतो गं."

आतून तिचा आवाज आला, "या."

मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. डबा हातात, गाडीची किल्ली हातात. डोक्यात कुणीतरी सणसणीत चपराक दिल्यासारखं झालं.

लहानपणी 'जातो' म्हटलं की आजी ओरडायची. "जातो काय म्हणतोस मेल्या, येतो म्हण!" आपल्यात घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. जातो हा शब्द अशुभ. निघताना प्रत्येक जण म्हणतो 'येतो', आणि घरातलं माणूस म्हणतं 'ये'. पन्नास वर्षं मी हे रोज बोलत आलो होतो. आणि शनिवारी त्याच शब्दाचं मी इंग्रजी केलं: कमिंग.

तो परत येत नव्हता. तो निघत होता. दहा पन्नासला तो जंगलात शिरत होता, आणि मोबाइलची रेंज जायच्या आधी मित्राचा निरोप घेत होता.

मी मागे फिरलो. बायको म्हणाली, "काय विसरलात?"

"अक्कल," मी म्हणालो, आणि फोन लावायला घेतला.

पहिला फोन बॉसला. मी सांगितलं, "मेसेज मी चुकीचा वाचला. मला वीस मिनिटं दे, नक्की काय ते सांगतो, पण एक तुकडी आत्ताच पलीकडच्या बाजूला त्या वासरांच्या फाटकावर पाठव." ती "पाठवते," एवढंच म्हणाली.

दुसरा फोन मित्र काम करत होता त्या गोदामात. शिफ्टच्या साहेबाला एकच प्रश्न विचारला: शनिवारी हा कामावर होता का? उत्तर लगेच आलं. जादा कामाची पाळी होती, बाराला कार्ड दाखवून आत आला, चारला बाहेर गेला. दिवसभर गाडीत गुडघा धरून बसलेला माणूस साठ-सत्तर किलोमीटरवर खोकी मोजत होता.

तिसरा फोन मित्राला. "स्टेशनात ये. आत्ता. मी वाट बघतोय."

तो साडेसहाला आला. आमच्याकडे चौकशीची खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीत कॅमेरा. मारहाण, दरडावणं असलं काही नसतं. आमचे वडील बघायला असते तर म्हणाले असते, ही कसली चौकशी, हा तर दवाखाना. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, वकील हवा का ते विचारलं, कॅमेरा चालू असल्याचं सांगितलं. तो नको म्हणाला. हात मांडीखाली दाबून बसला होता.

मी फाईल उघडलीच नाही. विचारलं, "पुण्याला घरी कोण असतं?"

"आई असते, सर."

"सुट्टीला गेलास की परत निघताना दारात तिला काय म्हणतोस?"

"म्हणजे?"

"निघताना. बॅग उचलल्यावर. काय म्हणतोस आईला?"

त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"येतो म्हणतो," तो हळूच म्हणाला.

"मग शनिवारी मी 'परत यायला निघाला' असं म्हणालो तेव्हा तुला कळलं होतं ना, मी चुकतोय?"

तो रडायला लागला. अगदी लहान मुलासारखा, खांदे हलवत. मी थांबलो नाही, कारण थांबायला वेळ नव्हता.

"बाराला तू कामावर होतास. कार्ड आहे. पांढरी गाडी तुझी आहे. फाटक उघडं टाकून गेलास, बावीस वासरं रस्त्यावर आली. आता टोपीचा रंग सांग."

"भगवी, काका." सरचा काका झाला होता. "भगवी होती. पलीकडे कुणी बघितलं असेल म्हणून मी मुद्दाम निळी सांगितली."

मग सगळं बाहेर आलं. हरवलेला गडी कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत हिंडलेला. इथल्या दिशेच्या पाट्या लावलेल्या, चालायला फळ्या टाकलेल्या वाटा म्हणजे बागेतला फेरफटका, असं तो म्हणायचा. त्याने नकाशावर बेत आखला: पूर्वेकडून बंद वाटेने शिरायचं, ती संपली की वाट सोडून जंगलातून सरळ धार ओलांडायची, आणि पश्चिमेला मुख्य कार पार्कात उतरायचं. बायकोला सांगितलं, नेहमीच्या वाटेने चाललोय. मित्राचं काम एवढंच की सकाळी सोडायचं आणि पाचला पलीकडून उचलायचं.

"मग खोटं का बोललास?"

"माझा रेसिडेन्सीचा अर्ज आत आहे, काका. बंद जंगलात माणूस सोडला म्हणून केस झाली तर कॅरेक्टर खराब दिसेल, असं वाटलं. मला वाटलं, तुम्ही शोधाल, सापडेल, मग कशाला सांगायचं. आणि तुम्ही स्वतःच म्हणालात ना, हटवरून निघाला म्हणून. मी फक्त हो म्हटलं." नाक पुसून त्याने विचारलं, "काका, माझी रेसिडेन्सी जाईल का?"

आणि माझा तोल गेला. कॅमेऱ्यात आहे ते. "गाढवा, तिथे त्याच्या बायकोने रात्र खुर्चीवर काढलीय! त्याची पोरगी बाबा कधी येणार म्हणून विचारतेय! तो जिवंत आहे की नाही ते बघू आधी, तुझी रेसिडेन्सी गेली खड्ड्यात!"

नंतर पाणी दिलं त्याला. कारण आरडाओरडा करताना माझ्याच मनात येत होतं की याने 'हो' म्हणायचा गुन्हा केला खरा, पण प्रश्न कुणाचा होता? मी नकाशा पुढे ढकलला. त्याने बोटाने बेत दाखवला: इथे शिरणार, या ओढ्यापाशी वाट सोडणार, या खिंडीतून चढणार. मी फोटो काढून बॉसला पाठवला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी तळावर पोचलो तोवर सगळी माणसं पलीकडे हलवली होती, म्हणून मीही तिकडेच गेलो. शेतकरीण बाई फाटकाशी उभी राहून प्रत्येक गाडीमागे स्वतः फाटक लावत होती. मला बघून म्हणाली, "काल दुपारीच सांगितलं होतं मी." मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं."

बंद वाटेच्या शेवटी ओल्या मातीत बुटाचा ठसा मिळाला. पुढे ओढ्याकाठी शेंगदाण्याच्या चिक्कीचा कागद. तो कागद वायरलेसवरून मला वर्णन करून विचारला गेला, आणि मी म्हणालो, "तोच. शंभर टक्के तोच." हे बोलल्यावर जीभ चावली, कारण माझ्या शंभर टक्क्यांची किंमत त्या दिवशी काय होती ते मला माहीत होतं. पण या वेळी बरोबर होतं.

दुपारी दोनच्या आधी वायरलेसवर आवाज आला. सापडला, जिवंत आहे.

खिंडीच्या खाली एका निसरड्या कड्यावरून तो पंधरा-वीस फूट घसरला होता. घोटा मोडला होता. पहिली रात्र त्याने झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्याच्या वाळलेल्या पानांचा ढीग अंगावर ओढून काढली, दुसऱ्या रात्रीचं त्याला फारसं आठवत नव्हतं. ओठ निळे पडले होते, बोलणं अडखळत होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, तिसरी रात्र निघाली नसती. रविवारी दिवसभर त्याला धारेपलीकडून लांबून हाका ऐकू येत होत्या. तो ओरडत होता, पण वारा उलटा होता. हे ऐकल्यावर मी गाडीत जाऊन एकटाच बसलो. चाळीस माणसं त्याचं नाव घेऊन हाका मारत होती, धारेच्या चुकीच्या बाजूला, माझ्या सहीने.

हेलिकॉप्टरने त्याला हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी मी लॉग उघडला. माझी शनिवारची ओळ खोडता येत नाही. नियम आहे, लिहिलेलं तसंच राहतं, दुरुस्ती खाली लिहायची. मी लिहिलं: 'दुरुस्ती. माणूस निघत होता. आमच्या भाषेत निघणारा माणूस परत येईन असं सांगून निघतो. भाषांतराची चूक माझी.' आणि सही केली.

बॉसने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "मग तुम्ही लोक खरंच येत असलात की काय म्हणता?"

"तेच. येतो."

"मग ओळखायचं कसं?"

"माणूस दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते बघायचं," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि चहा ठेवायला गेली. मला ओरडली असती तर परवडलं असतं.

हॉस्पिटलात जाऊन त्याच्या बायकोलाही सांगितलं. सांगायची सक्ती नव्हती, पण तिने दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. ती भिंतीला टेकून उभी होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी सांगितलं होतं तुम्हाला. सकाळी मला पण तेच म्हणाला, असं म्हटलं होतं मी."

"हो."

"मला तुमचा खूप राग आलाय. आणि तो आत जिवंत आहे म्हणून तुमच्या पायाही पडावंसं वाटतंय. काय करू सांगा."

"रागवा," मी म्हणालो. "पाया पडू नका."

मित्राबद्दल अहवाल लिहिताना मी जे घडलं ते लिहिलं: आधी खोटं बोलला, मग खरं बोलला, आणि खरं बोलल्यावर माणूस सापडला. मला चुकीचा प्रश्न विचारायची घाई झाली होती, तेही लिहिलं. त्याला ताकीद मिळाली, बंद वाटेबद्दल इंजिनीअरला दंडाची नोटीस गेली. इमिग्रेशनने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. तो आजही ते रापालाच कामाला आहे. त्या शेतकरीण बाईकडे मी त्याला स्वतः घेऊन गेलो होतो, माफी मागायला. तिने दिवसभर त्याच्याकडून कुंपणाचे खांब पुरून घेतले आणि संध्याकाळी जेवायला घातलं.

त्यानंतर पुढे सात-आठ वर्षं मी नोकरी केली. भाषांतरं अजून पुष्कळ केली, पण प्रत्येक वेळी आधी विचारायचो: हे वाक्य बोलला तेव्हा तो कुठे उभा होता, कुणाशी बोलत होता, हातात काय होतं? भाषा आपली आहे म्हणून ती आपल्याला कळलीच, हा माझा माज त्या सोमवारी उतरला. परक्या भाषेत आपण दहा वेळा विचारून खात्री करतो. आपल्या भाषेत विचारायची लाज वाटते. त्या लाजेपायी एका घरातला माणूस गेलाच असता, हे मी विसरत नाही.

नोव्हेंबरात ते तिघं आमच्याकडे जेवायला आले. तो कुबड्या घेऊन, वजन उतरलेलं. बायकोने पुरणपोळ्या केल्या होत्या. गप्पा झाल्या, पोरगी आमच्या मांजराशी इंग्रजीत भांडली. डोंगराचा विषय कुणी काढला नाही. निघताना त्याने दारात कसेबसे बूट चढवले, कुबड्या काखेत घेतल्या, आणि सवयीने म्हणाला, "येतो, काका."

सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. त्याच्याही लक्षात आलं आणि तो ओशाळला. मी पोलिसी आवाज काढून विचारलं, "कुठे? कुठल्या वाटेने? किती वाजता पोचणार?"

माझी बायको हसली, तोही हसला. त्याची बायको हसली नाही. ती मुलीचा हात धरून दाराबाहेर उभी होती, त्याच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत.

तेव्हा त्याचंही हसू थांबलं. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "घरी. मोठ्या रस्त्याने. वीस मिनिटांत."

तिने मान हलवली. मग मी म्हणालो, "ये."